हवा एक, मापं सतराशे साठ

मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. दुपारी चारच्या सुमाराला आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने फोनमधल्या ॲपचा स्क्रीनशॉट टाकला. हवेचा दाब ९४६ हेक्टोपास्कल. खाली लिहिलं होतं, ‘निसर्ग वादळाच्या वेळी ९८४ होता. आता तर त्याहून खाली गेलाय. काळजी घ्या.’ आणि शेवटी जोडलेले हात. पाच मिनिटांत मेणबत्त्यांची चौकशी सुरू झाली. कुणीतरी वॉचमनला गच्चीवरचे पत्रे बांधून घ्यायला पिटाळलं. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि झाडाचं पान हलत नव्हतं.

गंमत म्हणजे दोन्ही आकडे खरे होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा त्याच्या केंद्रातला दाब ९८४ हेक्टोपास्कल होता. आणि पुण्यातला तो ९४६ सुद्धा फोनने बिनचूक मोजला होता. एककही तेच. मग कोकणात माडाच्या बागा झोपवणाऱ्या वादळापेक्षा पुण्यातल्या निवांत दुपारी दाब कमी कसा?

उत्तर अवघड नाही. पण ते कळायला आधी हे हेक्टोपास्कल म्हणजे किती, हे हाताला लागलं पाहिजे. आणि हवेच्या दाबाची मापं तर सतराशे साठ! मिलिबार, पाऱ्याचे मिलिमीटर, पाऱ्याचे इंच, टॉर, ॲटमॉस्फिअर, पीएसआय. (पीएसआय म्हटलं की आपल्याला आधी पोलीस ठाण्यातला फौजदार आठवतो, पण तो वेगळा दाब.)

कागदाचं वजन

पास्कल हे सध्याचं अधिकृत एकक. एक चौरस मीटर जागेवर एक न्यूटन जोर, म्हणजे एक पास्कल. ही व्याख्या वाचून कुणालाही काही दिसत नाही. त्यापेक्षा झेरॉक्सच्या दुकानातला एक कोरा कागद टेबलावर ठेवा. कागदाच्या गठ्ठ्यावर ‘८० जीएसएम’ छापलेलं असतं. म्हणजे त्या कागदाचा एक चौरस मीटर तुकडा ८० ग्रॅम भरतो. टेबलावर पसरलेला असा एक कागद टेबलाला जितकं दाबतो, तो दाब साधारण ०.८ पास्कल.

आता कागद अर्धा फाडा. वजन निम्मं झालं, पण त्याने व्यापलेली जागाही निम्मी झाली. दाब तेवढाच राहिला. वजन आणि दाब यांतला फरक एवढाच आहे: वजन एकूण किती ते सांगतं, दाब ते किती जागेवर वाटलं गेलं ते सांगतो.

एकावर एक पाचशे कागद रचले की झाली एक रीम. उंची पाचेक सेंटिमीटर. तिचा दाब सुमारे ३९० पास्कल, म्हणजे जवळजवळ ४ हेक्टोपास्कल. समुद्रसपाटीला हवेचा सरासरी दाब धरतात १,०१,३२५ पास्कल. रीममध्ये सांगायचं तर अडीचशेहून थोड्या जास्त, २५८. एकावर एक रचल्या तर तेरा मीटर, चार मजली इमारतीएवढा कागदाचा मनोरा. एवढं ओझं आपल्या अंगाच्या प्रत्येक भागावर कायम असतं. ते जाणवत नाही, कारण हवा फक्त वरून दाबत नाही. खालून, बाजूने, कानातून, छातीच्या आतून, सगळीकडून सारखीच दाबते. नखाएवढ्या, म्हणजे एक चौरस सेंटिमीटर जागेवर हे ओझं एक किलोहून किंचित जास्त भरतं.

हा मनोरा डोळ्यांसमोर ठेवा, कारण पुढची गोष्ट मला फार मजेची वाटते. पावसाळ्यात बातम्यांत ‘बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र’ असं येतं, तेव्हा किती कमी असतं? आपला हवामान विभाग नकाशावर समदाब रेषा दोन-दोन हेक्टोपास्कलच्या अंतराने काढतो. अशी एखादी रेषा गोल फिरून बंद झाली, की ते कमी दाबाचं क्षेत्र. म्हणजे २५८ रीममधून अर्धी रीम काढून घेतली, की विदर्भापर्यंत पाऊस पोचायची तयारी सुरू. हे कळल्यापासून मी नकाशावरच्या दशांश चिन्हाकडे आदराने बघतो.

राहिला ‘हेक्टो’. आपल्याकडे छापून येणाऱ्या हवामान अंदाजांत पुष्कळदा ‘हेप्टापास्कल’ असा शब्द दिसतो. हेप्टा म्हणजे सात. सात पास्कल म्हणजे आठ-नऊ कागद, त्यावर काही मोसमी वारे वाहायचे नाहीत. शब्द हेक्टोपास्कल, आणि तो शेतकऱ्याला तर सगळ्यात आधी ओळखीचा वाटायला हवा. सातबाऱ्यावर क्षेत्र कसं लिहितात? हेक्टर, आर, चौरस मीटर. शंभर आर म्हणजे एक हेक्टर. तसेच शंभर पास्कल म्हणजे एक हेक्टोपास्कल. तोच ‘हेक्ट’, तेच शंभर.

दाब मोजायला लांबी?

पास्कल अगदी अलीकडचा. त्याआधी तीनशे वर्षं दाब मोजला गेला तो पट्टीने, लांबीत. ‘दाब ७६० मिलिमीटर’ हे वाक्य पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटणारच. दाब मिलिमीटरमध्ये कसा?

याचं उत्तर विहिरीवर मिळतं. काठावर मोटर बसवलेली असते, पाइप खाली पाण्यात, टोकाला फुटवॉल. उन्हाळ्यात पाणी खाली जातं आणि मोटर नुसतीच घरघरते. मग गडी दोर बांधून मोटर विहिरीतल्या खालच्या टप्प्यावर उतरवतात. कारण मोटर पाणी ओढत नाही. ती फक्त पाइपातली हवा काढून टाकते. पाणी वर ढकलते ती विहिरीच्या पाण्यावर दाबून बसलेली बाहेरची हवा. आणि ती बिचारी ढकलून ढकलून किती ढकलणार? समुद्रसपाटीला जास्तीत जास्त सव्वादहा-साडेदहा मीटर, पुण्याच्या उंचीवर साडेनऊच्या आसपास. प्रत्यक्षात पाइपातलं घर्षण आणि गळती धरून सहा-सात मीटरलाच मोटर हात टेकते. त्यापुढे ती कितीही हॉर्सपॉवरची आणा, फरक पडत नाही.

सतराव्या शतकात इटलीतल्या पंपवाल्यांना हीच अडचण होती, आणि गॅलिलिओपर्यंत ती पोचली होती. त्याच्या मृत्यूनंतर त्याचा शिष्य इव्हांजेलिस्ता तोरिचेल्ली याने विचार केला, की दहा मीटरच्या नळीशी झटापट करण्यापेक्षा पाण्याहून जड काहीतरी घ्यावं. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. तेव्हा दहा मीटरचं काम पाऊण मीटरमध्ये होईल. १६४३ मध्ये प्रयोग झाला. एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरली, बोटाने तोंड दाबून पाऱ्याच्या वाडग्यात उलटी केली आणि बोट काढलं. पारा थोडा उतरला आणि सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबला. वरती रिकामी जागा राहिली. वाडग्यातल्या पाऱ्यावर हवा दाबत होती, नळीतल्या पाऱ्यावर काहीच नव्हतं; दोन्हींचा तोल ७६ सेंटिमीटरला साधला. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, असं त्याने १६४४ मध्ये एका मित्राला पत्रात कळवलं.

नळी जाड घ्या की बारीक, उंची तीच येते. जाड नळीत पारा जास्त, पण तो बसायला जागाही जास्त. कागद फाडला तेव्हाचंच गणित. म्हणून नुसती उंची सांगितली तरी दाब कळतो. ‘पाऱ्याचे ७६० मिलिमीटर’ म्हणजे एवढ्या उंचीच्या पाऱ्याला तोलून धरणारा दाब.

हवा खरंच वजनामुळे दाबते का, हे तपासलं ब्लेझ पास्कलने. स्वतः डोंगर चढला नाही, मेहुण्याला चढवलं. १९ सप्टेंबर १६४८ रोजी फ्लोरँ पेरिए फ्रान्समधल्या प्युई द डोम या डोंगरावर नळी आणि पारा घेऊन गेला. डोंगर पायथ्याच्या गावापासून हजारेक मीटर उंच. माथ्यावर पारा पायथ्यापेक्षा सुमारे साडेआठ सेंटिमीटर खाली उतरला. मला त्या प्रयोगातली सगळ्यात आवडणारी गोष्ट खाली घडली. पायथ्याच्या मठात दुसरी नळी तशीच उभी ठेवली होती आणि एका साधूला दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला बसवलं होतं. ती हलली नाही. म्हणजे वर जे उतरलं ते हवा बदलली म्हणून नव्हे, उंची बदलली म्हणून. हा मठातला साधू लक्षात ठेवा. आमच्या ग्रुपला त्याचीच गरज होती.

पाऱ्याची नळी मग दवाखान्यात, प्रयोगशाळेत, जहाजावर, वेधशाळेत सगळीकडे गेली. पण तिच्यात एक खोट होती, आणि ती आपल्यासारख्या उष्ण देशात जास्त भोवते. पारा उन्हाने फुगतो. बाहेरचा दाब तोच असला तरी शून्य अंशाला जिथे ७६० दिसतील, तिथे मुंबईच्या तीस अंशांत पावणेचारेक मिलिमीटर जास्त दिसतात. त्यात भर म्हणजे पृथ्वीचं गुरुत्व सगळीकडे सारखं नाही. विषुववृत्ताकडे ते किंचित कमी, म्हणून मुंबईत पारा थोडा हलका पडतो आणि आणखी दीडेक मिलिमीटर वर चढतो. दोन्ही मिळून पाच मिलिमीटरच्या वर, म्हणजे सातेक हेक्टोपास्कल. मघाशी पाहिलं, की दोन हेक्टोपास्कलवर पावसाची बातमी होते. तिथे सातची चूक! म्हणून वेधशाळेतल्या वायुभारमापकाला त्याचा स्वतःचा तापमापक जोडलेला असायचा, आणि निरीक्षक आधी तो वाचून, कोष्टक उघडून, वजाबाकी करून मगच आकडा वहीत लिहायचा.

म्हणजे ‘मिलिमीटर’ म्हणताना मनातल्या मनात ‘शून्य अंशाच्या पाऱ्याचा, प्रमाण गुरुत्व असलेल्या जागी’ असं शेपूट लावावं लागतं. ज्याला दाब गणितात घालायचा आहे, त्याला हे शेपूट परवडत नाही.

नॉर्वेचा विल्हेल्म ब्यर्कनेस हा असा माणूस होता. हवामान हे भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी आकडेमोड करून सांगता येईल, असं त्याचं म्हणणं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंड इंचात मोजायचं, फ्रान्स मिलिमीटरमध्ये, आणि वादळं सीमा न बघता इकडून तिकडे जायची. ब्यर्कनेसने जोर आणि क्षेत्रफळ यांवर आधारलेलं एकक रुजवलं: बार, म्हणजे आजच्या भाषेत एक लाख पास्कल. त्याचा हजारावा भाग मिलिबार. ब्रिटिश हवामान कार्यालयाने १९१४ मध्ये मिलिबार स्वीकारला. हजाराच्या आसपासचे सुटसुटीत आकडे, पाऱ्याच्या गरमीची भानगड नाही. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात आपण पाठ केलेला १०१३ मिलिबार तो हाच.

मग १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय मापन परिषदेने दाबाच्या एककाला पास्कल हे नाव दिलं, आणि हवामानवाले पेचात पडले. नवं एकक वापरायचं तर १०१३ चे झाले १,०१,३००. जुने तक्ते, नकाशे, वह्या सगळ्यांचे आकडे बदलणार. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की एक मिलिबार म्हणजे बरोबर शंभर पास्कल. शंभराला हेक्टो. झालं! आकडा तोच ठेवला, पाटी बदलली. म्हणून मिलिबार आणि हेक्टोपास्कल यांत रूपांतर करायचंच नसतं, दोन्ही एकच. मला ही सरकारी कामकाजातली सर्वांत हुशार पळवाट वाटते. कॅनडाने ती घेतली नाही; तिथे हवामानाच्या बातमीत किलोपास्कल, १०१.३ वगैरे. रशियात अजून पाऱ्याचे मिलिमीटर.

टॉर हे तोरिचेल्लीच्या नावाचं एकक, पोकळी तयार करणाऱ्या यंत्रांच्या दुनियेत चालतं. एक टॉर म्हणजे एका ॲटमॉस्फिअरचा ७६० वा भाग, म्हणजे व्यवहारात पाऱ्याचा एक मिलिमीटरच. ॲटमॉस्फिअर म्हणजे तेच १,०१,३२५ पास्कल. १९५४ पासून ठरवून दिलेला आकडा, कुठे मोजायला जायचं नाही.

आणि खुद्द पारा? तो विषारी. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणणाऱ्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारानुसार पाऱ्याचे वायुभारमापक आणि रक्तदाबमापक बनवणं २०२० पर्यंत थांबवायचं ठरलं. आता डॉक्टरांच्या टेबलावरचं यंत्र इलेक्ट्रॉनिक आहे, त्यात थेंबभरही पारा नाही. पण ‘१२० बाय ८०’ अजून पाऱ्याचे मिलिमीटरच.

इंच आणि विमान

अमेरिकेत दाब अजून पाऱ्याच्या इंचात सांगतात. ७६० मिलिमीटर म्हणजे २९.९२ इंच. घरातल्या टीव्हीवर ऐकायला हे निरुपद्रवी आहे, विमानात नाही.

विमानातलं उंचीमापक यंत्र म्हणजे मुळात दाबमापक. पेरिए डोंगरावर चढला तेव्हा पारा उतरला. त्याचंच उलट गणित. दाब इतका, म्हणजे उंची इतकी. पण खालचा दाब रोज बदलतो, म्हणून उतरताना नियंत्रण कक्ष वैमानिकाला त्या वेळचा समुद्रसपाटीचा दाब सांगतो आणि वैमानिक तो यंत्रावर लावतो. जमिनीजवळ एका हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे साधारण २८ फूट.

समजा नियंत्रकाने सांगितलं ‘९९२’. भारतात किंवा युरोपात याचा अर्थ ९९२ हेक्टोपास्कल, म्हणजे हवा बिघडलेली. पण इंचांच्या सवयीचा वैमानिक ‘नऊ-नऊ-दोन’ ऐकून २९.९२ लावून बसला तर? २९.९२ इंच म्हणजे १०१३ हेक्टोपास्कल. फरक २१ हेक्टोपास्कलचा, उंचीत जवळजवळ सहाशे फुटांचा. यंत्र सांगणार आपण वर आहोत, आणि विमान असणार त्याहून दोनशे मीटरच्या आसपास खाली, ढगात. त्यामुळेच एककाचा उच्चार सोबत करायचा असा दंडक आहे.

एकक बरोबर असूनही एका आकड्याने काय होतं, हे मे २०२२ मध्ये पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर दिसलं. खरा दाब १००१, नियंत्रकाने सांगितला १०११. दहाचा फरक, २८० फूट. पाऊस पडत होता, धावपट्टी दिसत नव्हती. विमान यंत्रावरच्या उंचीवर विसंबून उतरत गेलं आणि धावपट्टीच्या दीडेक किलोमीटर अलीकडे जमिनीपासून सुमारे सहा फुटांवर येऊन पुन्हा वर उचललं गेलं. सहा फूट म्हणजे दाराची उंची. तपास अहवालात हे सगळं सविस्तर आहे, आणि तो वाचताना हाताला घाम येतो.

शून्य कुठे धरलाय?

एककांचं रूपांतर आता फोन करून देतो. खरा घोळ होतो तो शून्याचा.

पेट्रोल पंपावर हवा भरणारा विचारतो, ‘तीस ठेवू की बत्तीस?’ हे पीएसआय, एका चौरस इंचावर किती पौंड. हवेचा स्वतःचा दाबच १४.७ पीएसआय असतो. मग पंक्चर टायरला गेज लावलं तर १४.७ दिसायला हवेत, कारण आत हवा आहेच. दिसतात शून्य. कारण गेज बाहेरच्या हवेपेक्षा जास्त किती, एवढंच सांगतं. बत्तीस म्हणजे खरे शेहेचाळीस-सत्तेचाळीस. आणि मुंबईत बत्तीस भरून तुम्ही महाबळेश्वरला गेलात, तर टायरला कुणी हात न लावता गेजवर चौतीस दिसतील. बाहेरची हवा विरळ झाली, आतली तेवढीच राहिली. (टायर गरम होतो ते वेगळं.)

वर्कशॉपमध्ये ‘सात केजी हवा’ म्हणतात, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सात किलो. तेही बाहेरच्या हवेच्या वर. घरातल्या कुकरची शिट्टी साधारण एक केजीला उडते, म्हणजे आत खरे दोन. डॉक्टरांचे १२० मिलिमीटरही तसेच, वरचे. खाली ७६० गृहीत धरलेले असतात.

वायुदाब मात्र पोकळीपासून मोजतात, तोरिचेल्लीच्या नळीतल्या त्या रिकाम्या जागेपासून. तिथे शून्य म्हणजे खरंच काही नाही.

आता सोसायटीच्या ग्रुपवर परत येऊ. तिथेही गोंधळ एककाचा नव्हताच. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. म्हणजे मनोऱ्यातल्या खालच्या पंधरा-सोळा रीम आपल्या पायाखाली राहिल्या. त्यांचं ओझं आपल्यावर नाही. फोन मोजतो ते फक्त वरचं ओझं, ९४६. निसर्गचे ९८४ हे समुद्रावरचे, पूर्ण मनोऱ्याचे. दोन्हींची तुलना म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाने गच्चीपर्यंतची उंची मोजून ‘आमची इमारत खचली’ म्हणण्यासारखं.

म्हणून हवामान नकाशावर आकडे घालताना प्रत्येक ठिकाणचा दाब आधी समुद्रसपाटीला आणतात. पुण्यासाठी त्यात साठ-बासष्ट हेक्टोपास्कल मिळवायचे, की मेच्या अखेरीस नेहमी असतात तसे १००७ च्या आसपास येतात. हे मिळवलेले साठ कशाचे? पुण्याखाली समुद्रसपाटीपर्यंत हवा असती तर तिचं जे वजन झालं असतं, त्याचे. प्रत्यक्षात तिथे हवा नाही, सह्याद्रीचा काळा पाषाण आहे. त्या न-हवेचं तापमान काय धरायचं, हेही ठरवावं लागतं. म्हणून जागा जितकी उंच, तितकं हे रूपांतर बेभरवशाचं.

ही पायाखालची हवा बघायची असेल तर महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरा. वर पाणी पिऊन झालं की रिकाम्या बाटलीचं झाकण घट्ट लावा आणि ती सीटच्या जाळीत ठेवून द्या. वर दाब ८६० च्या आसपास, खाली १००० च्या वर. अर्ध्या घाटात कानाला दडे बसतात आणि बाटली ‘कडक’ असा आवाज करून आत जाते. पोलादपूरला पोचेपर्यंत ती कुणीतरी मुठीत चुरगळल्यासारखी दिसते. लिटरची बाटली साडेआठशे मिलिलिटरची होऊन बसते.

खऱ्या वादळात समुद्रसपाटीचाच दाब पडतो. निसर्गच्या वेळी आजूबाजूपेक्षा वीसेक हेक्टोपास्कल. १९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात केंद्रातला दाब ९१२ होता. आणि १२ ऑक्टोबर १९७९ रोजी प्रशांत महासागरातल्या ‘टिप’ वादळात ८७०. समुद्रसपाटीवर याहून कमी दाब कधी नोंदलेला नाही. इथे हेक्टोपास्कलची एक सोय कामाला येते: एक हेक्टोपास्कल म्हणजे जवळजवळ बरोबर एक सेंटिमीटर पाणी. दाब जितके हेक्टोपास्कल कमी, तितके सेंटिमीटर समुद्र फुगतो. ओडिशात नुसत्या दाबामुळे मीटरभर. वाऱ्याने लोटलेलं पाणी त्याहून कितीतरी जास्त, ते निराळं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं नाही. कोण वाचणार? पण दुपारी चारची ती वेळ मला खटकत होती. आपल्याकडे, विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ, हवेच्या दाबाला रोज दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमाराला दाब चढलेला, पहाटे चार आणि दुपारी चारला उतरलेला. हे चंद्रामुळे नव्हे. सूर्य वरच्या हवेला तापवतो, त्याने अख्ख्या वातावरणात ही लाट फिरत राहते. युरोपात ती रोजच्या वादळी चढउतारांत हरवते, आपल्याकडे उन्हाळ्यात फोनवर स्वच्छ दिसते. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात पुण्यात तीन-चार हेक्टोपास्कल सहज उतरतात. जवळजवळ अख्खी रीम. म्हणूनच वेधशाळा दाब वाढला की घटला हे ठरवताना काल याच वेळी किती होता, ते बघते.

तेव्हा मी एवढंच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, त्याच जागी, माझ्या फोनवरचा आकडा ग्रुपवर टाकला. ९४९.४.

लगेच उत्तर आलं: ‘वाढतोय. म्हणजे वादळ टळलं.’ खाली जोडलेले हात.